पुरात भिजलेली जुनी पद्मिनी गाडी गरम झाली की बंद पडते, पण इग्निशन कॉइलवर (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल) १२ व्होल्ट दिसतात. दोष कुठे शोधू?

तुमच्या म्हणण्याप्रमाणे ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या विश्वामित्री नदीचं पाणी गाडीत डॅशबोर्डपर्यंत आलं होतं. कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, तरी पंधरा मिनिटं चालून गाडी बंद पडते आणि थंड झाली की पुन्हा सुरू होते. आमच्या कारेलीबागेतही त्याच पुरात वडिलांची पद्मिनी बुडाली होती. त्यानंतर ती अकोटा पुलावर दोनदा बंद पडली, म्हणून मनापासून लिहितो आहे.

आधी तो १२ व्होल्टचा आकडा मनातून काढा. तुम्ही मीटर लावला तेव्हा पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट) बहुधा उघडे असणार. पॉइंट उघडे म्हणजे कॉइलमधून करंट नाही, आणि करंटच नसेल तर कितीही सडलेला जोड मीटरला धडधाकट दिसतो. या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ३ ओहम असतो, म्हणजे पॉइंट मिटले की ती ४ अँपिअरच्या आसपास ओढते. वाटेतल्या एका जोडात १ ओहम जरी आला तरी करंट ३ अँपिअरवर येतो आणि कॉइलला उरतात फक्त ९ व्होल्ट. उरलेले ३ त्या जोडातच जळतात. तो तापतो, तापला की आणखी बिघडतो, आणि थंड झाल्यावर गाडी शहाण्यासारखी सुरू होते.

म्हणून मोजायचं ते करंट वाहत असताना. चावी ऑन करा आणि कॉइलचं डिलकोकडे (डिस्ट्रिब्युटर, ज्यात हे पॉइंट असतात) जाणारं टोक एका तारेनं बॉडीला अर्थ करा. लगेच कॉइलच्या दुसऱ्या टोकावर व्होल्ट बघा. काही सेकंदांत उरका, नाहीतर कॉइल तापेल. तार सोडताना ठिणगी उडते, तेव्हा पेट्रोलच्या पाइपापासून लांब राहा. बॅटरी चांगली असून आकडा ११ च्या खाली गेला, तर दोष वायरिंगमध्ये आहे.

मग मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर ठेवून काळी पिन एकेका जोडावर न्या: स्विचमध्ये येणारी तार, स्विचमधून निघणारी, मधला कनेक्टर, कॉइल. दरवेळी कॉइल तशीच काही सेकंद अर्थ करायची. आकडा जिथे एकदम उडी मारतो, तिथेच चोर.

आमच्याकडे तो इग्निशन स्विचच्या मागे सापडला. पितळी थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवलेली टोपी) बाहेरून चकचकीत होतं. स्लीव्ह मागे सारली तर आत हिरवा कळंक, आणि तार सोलत गेलो तसतसे तांब्याचे तंतू दोन-अडीच इंच आतपर्यंत काळे. पाणी इन्सुलेशनच्या आतून वर चढलं होतं. ब्लेडनं खरवडले तर तंतू चमकायच्या ऐवजी तुटायचे. अशा तारेवर स्प्रे मारून काही होत नाही. लाल तांबं दिसेपर्यंत कापायची, नवा तुकडा जोडून झाळायचा, वर हीटश्रिंक स्लीव्ह. स्विचची प्लेटही उघडून साफ केली.

अर्थिंगची बाजू बरेच जण विसरतात. तशीच कॉइल अर्थ करून बॅटरीचा मायनस आणि इंजिन यांच्यात मोजा. पण या वेळी अर्थची तार बॉडीला नाही, डिलकोच्या धातूला लावा. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनची अर्थपट्टी काढून घासा.

मीटर नसेल तर १० अँपिअरचा फ्यूज घातलेली एक तार बॅटरीच्या प्लसवरून थेट कॉइलला द्या आणि गल्लीत वीस मिनिटं फिरून या. बंद पडली नाही, तर दोष बॅटरीपासून स्विचमधून कॉइलपर्यंत येणाऱ्या वाटेतच आहे. ही तार असताना चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, तार काढावी लागते, हे घरातल्यांनाही सांगून ठेवा. तरीही बंद पडली, तर डिलकोच्या आत पॉइंटकडे जाणारी छोटी तार बघा. तिचं इन्सुलेशन तडकून ती बॉडीला टेकते.

आणि जुनी कॉइल फेकली नसेल तर जपून ठेवा. ती बहुधा चांगलीच आहे.