पोट उघडंच ठेवलंय, आणि डॉक्टर म्हणतात टेन्शन जास्त आहे

प्रश्न : डॉक्टर, माझ्या मिस्टरांचं (वय 46) आतडं फुटून पोटभर पू झाला होता. इमर्जन्सी ऑपरेशन झालं पण पोट शिवलंच नाही, आधी प्लास्टिकची पिशवी लावली होती, आता व्हॅक्यूमचं मशीन आहे. आज सहावा दिवस. रोज विचारलं की एकच उत्तर, अजून टेन्शन जास्त आहे, शिवता येणार नाही. फाईलवर लघवीच्या नळीतून मोजलेलं पोटाचं प्रेशर लिहितात, काल 11 होतं, सिस्टर म्हणाल्या चांगलं आहे. मग प्रेशर चांगलं तर टेन्शन कसलं? आणि काल राउंडला "चौदाचा नऊ झालाय" म्हणाले, ते काय ते विचारायचा धीर झाला नाही. – एक वाचक, जि. सांगली

उत्तर : ताई, प्रेशर आणि टेन्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नातेवाइकांना हे कुणीतरी बसून सांगायला हवं असं मला फार वाटतं.

आधी ते 11. मूत्राशय पोटातच असतं आणि त्याची भिंत पातळ, त्यामुळे पोटातला दाब तिथे बरोबर कळतो. पेशंटला सपाट झोपवून नळीतून जास्तीत जास्त 25 मिली सलाईन आत सोडतात, कमरेच्या हाडाच्या लेव्हलला झीरो धरतात आणि श्वास पूर्ण सोडल्यावर आकडा घेतात. खोकला आला, पोट आवळलं की आकडा खोटा वाढतो. आयसीयूतल्या मोठ्या माणसात 5 ते 7 मिलीमीटर पारा नेहमीचा, 12 किंवा वर टिकून राहिला तर वाढलेला, आणि 20 च्या वर राहून किडनी किंवा फुफ्फुस बंद पडायला लागलं तर तो जिवावरचा प्रसंग. पोट उघडं आहे म्हणजे प्रेशर वाढणारच नाही असं नसतं हां, वरचं ड्रेसिंग घट्ट झालं, आतडी सुजली तरी वाढतं, म्हणून ते रोज मोजतात ते बरोबरच करतायत.

आता टेन्शन. पोटाच्या दोन्ही बाजूंना स्नायूंचे तीन तीन थर असतात, ते सतत बाहेरच्या बाजूला ओढत असतात आणि मधली पांढरी मजबूत पट्टी त्यांना धरून ठेवते. ती पट्टी कापली की धरणारं कुणी राहत नाही, स्नायू आखडतात आणि कडा रोज थोड्या थोड्या लांब सरकतात. जुना ब्लाऊज अंगाला घट्ट झाला आणि हूक ओढून लावले तर कापड नेमकं हुकापाशीच फाटतं ना, तसंच इथे दोरा त्या पट्टीला कापत जातो, रक्तपुरवठा दबतो, टाके उसवतात, आणि आतडी जागा नसताना आत कोंबली तर तेच 11 चे 22 व्हायला वेळ लागत नाही.

हा ताण मोजतात कसा? खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी सर्जनच्या हातानेच. भूल देऊन स्नायू पूर्ण सैल करायचे, दोन्ही कडांना चिमटे लावायचे, मध्ये ओढायचे आणि किती जोर लागतो ते हाताला कळतं. पण माझ्या हाताला सैल वाटलेलं दुसऱ्याच्या हाताला घट्ट वाटू शकतं, म्हणून चिमट्याला स्प्रिंगचा काटा किंवा मीटर अडकवून न्यूटनमध्ये आकडा घेण्याची पद्धत पुढे येतेय (10 न्यूटन म्हणजे साधारण एक किलो वजनाची ओढ). अमुक न्यूटनच्या वर शिवायचंच नाही असा सगळ्यांनी मान्य केलेला एक आकडा मात्र नाही. तरी मला ही पद्धत हवीशी वाटते, कारण परवाचा आणि आजचा आकडा शेजारी ठेवता येतो, अंदाजावर भांडण राहत नाही. शिवाय कडा जवळ आणल्या की भूलतज्ज्ञ व्हेंटिलेटरचं प्रेशर बघत असतात, ते एकदम चढलं की आम्ही हात थांबवतो.

त्या पिशवीलाही मोठा इतिहास आहे, 1984 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात ऑस्वाल्डो बोरायेझ यांनी सलाईनची पिशवी कापून उघड्या पोटावर शिवली, म्हणून ती बोगोटा बॅग, आपल्याकडे युरोबॅग (लघवी साठवायची पिशवी) कापूनही लावतात. पण पिशवी फक्त झाकते, कडांना धरून ठेवत नाही. म्हणून आता व्हॅक्यूमसोबत दोन्ही कडांना जाळी शिवून दर दोनतीन दिवसांनी ती मधोमध थोडी थोडी आवळत नेतात, घाई केली की फाटतं आणि फार थांबलं तर आतडी भिंतीला चिकटतात, आतड्याला भोक पडायची भीती वाढते, त्यामुळे साधारण आठवडाभरात जमलं तर सगळ्यात बरं. नाहीच जमलं तर वर कातडी लावून काही महिन्यांनी हर्नियाचं ऑपरेशन करतात, तोही रस्ता आहे.

आणि ते "चौदाचा नऊ", ते बहुतेक दोन कडांमधल्या अंतराबद्दल बोलत होते, 14 सेंटीमीटर होतं ते 9 झालं. तसं असेल तर ताई, मिस्टरांचं पोट मिटायच्या दिशेने चाललंय. पेशंट न बघता मी तारीख सांगू शकत नाही, पण पुढचं ड्रेसिंग कधी आहे ते विचारा आणि त्या दिवशी न घाबरता म्हणा, "सर, आज नऊचे किती झाले?" सांगतील ते.