लग्न लावून दिल्याने मुलगा ताळ्यावर येतो का?

मारामारीच्या दोन प्रकरणांत नाव आलेल्या एकवीस वर्षांच्या चुलत भावाचे दोनाचे चार हात करून दिले की तो सुधारेल, असे आपल्या घरातील वडीलधारे म्हणतात आणि त्याला काही शास्त्रीय आधार आहे का, असे आपण विचारले आहे. मी मराठवाड्यात परिविक्षा अधिकारी म्हणून, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारा म्हणून, नोकरी केली. आरोपी मुलाच्या घरी जायचे, ओसरीवर बसून त्याच्या आईशी, आजीशी, शेजाऱ्यांशी बोलायचे आणि न्यायालयाला अहवाल द्यायचा, हे माझे काम होते. त्या अनुभवावरून सांगतो, की वडीलधाऱ्यांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. उरलेल्या निम्म्याची किंमत मात्र ज्या मुलीला मोजावी लागते, तिला कोणी विचारत नाही.

वयाचा भाग सोपा आहे. गुन्ह्यांचे प्रमाण कुमारवयात झपाट्याने चढते, विशीच्या अलीकडेपलीकडे कळस गाठते आणि मग उतरत जाते, असे अनेक देशांत दिसून आले आहे. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये अशा मुलांचे दोन गट मांडले: फक्त त्या वयापुरते वाहवणारे बहुसंख्य, आणि लहानपणापासून उपद्रव सुरू होऊन तो पुढेही चालू राहणारे थोडे. आपला भाऊ कोणत्या गटातला, हे दोन गुन्ह्यांवरून ठरत नाही. तो सहावी-सातवीत कसा होता, हे त्याच्या आईला विचारावे.

खरी गंमत पुढे आहे. शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या संशोधक दांपत्याने अमेरिकेतील बॉस्टन परिसरात सुधारगृहातील ५०० मुले आणि तशाच वस्त्यांतील, पण गुन्ह्यात न सापडलेली ५०० मुले यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला होता. त्यांची कागदपत्रे पुढे हार्वर्डच्या तळघरात खोक्यांत पडून होती. ती रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब या गुन्हेगारीच्या अभ्यासकांनी बाहेर काढली, १९९३ मध्ये त्यांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि नंतर त्यांतील ५२ माणसांना म्हातारपणी शोधून त्यांच्या मुलाखती घेतल्या. बालपण सारखेच हलाखीचे असूनही या माणसांच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या, आणि त्या जिथे वळल्या तिथे बहुधा टिकाऊ नोकरी, लष्करातील सेवा किंवा चांगला संसार आढळला. त्यांच्याच २००६ च्या अभ्यासात, विवाहित असण्याच्या काळात गुन्हा घडण्याची शक्यता सरासरी सुमारे ३५ टक्क्यांनी कमी दिसली. वडीलधाऱ्यांची बाजू ती हीच.

पण त्या संशोधकांनी भर दिला तो नात्याच्या प्रतीवर. मंगलाष्टके झाली म्हणून कोणी बदलला, असे ते म्हणत नाहीत. ओढ हळूहळू वाढते, दिवसाचा क्रम बदलतो, जुन्या टोळक्याकडे जाणे कमी होते, आणि आता गमावण्यासारखे काहीतरी आहे, याची जाणीव होते. आपल्याकडे लग्नाला दुसराच हिशेब चिकटलेला असतो. ऊसतोडीला जाणाऱ्या भागात मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर, म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर. एकटा माणूस अर्धा कोयता धरला जातो. अशा लग्नातून पोराला काम मिळते हे खरे, पण त्याच वेळी दोघांच्या डोक्यावर उचलही बसते, आणि ती फिटेना म्हणून जो दारूकडे वळतो, त्याचा हात आधी घरातच उठतो. पोलीस ठाण्यात त्याचे नाव पुन्हा आले नाही, एवढ्यावरून तो सुधारला असे मी कधी लिहिले नाही.

एक मुलगा मला अजून आठवतो. वय सतरा, नववीतून शाळा सुटलेली, आईवडील दिवाळीनंतर कारखान्यावर गेलेले आणि घरात फक्त डोळ्यांनी अधू झालेली आजी. शेतातील विहिरींवरच्या मोटारींची तांब्याची तार काढून त्याने भंगारात विकली होती. बालन्याय मंडळाने त्याला समज देऊन माझ्या देखरेखीखाली घरी सोडले. तालुक्याच्या गावी मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्या एका दुकानदाराने त्याला कामावर घेतले, तेव्हा मीच धास्तावलो होतो, कारण ते दुकान तांब्यानेच भरलेले. दुकानदार रोज संध्याकाळी उरलेली तार त्याच्यासमोर काट्यावर ठेवायचा, वजन वहीत लिहायचा आणि एक शब्दही बोलायचा नाही. दोन-तीन महिन्यांनी तार मोजून वहीत लिहिण्याचे काम त्याने पोरालाच दिले. पुढे कधीतरी मी गेलो तेव्हा दुकानाची किल्ली त्याच्या करदोट्याला बांधलेली होती, आणि मला बसायला स्टूल देऊन तो एका शेतकऱ्याशी दरावरून हुज्जत घालत होता. त्याचे लग्न त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाले.

असे बंध तुरुंग सहसा तोडतो. सॅम्पसन आणि लॉब यांनाही हेच आढळले, की कोवळ्या वयातील दीर्घ कैद पुढे नोकरी टिकू देत नाही आणि त्या वाटेने पुन्हा गुन्ह्याकडे नेते. आपल्या १९५८ च्या परिविक्षा कायद्यातही एकवीस वर्षांखालील आरोपीला, जन्मठेपेस पात्र गुन्हे वगळता, शक्यतो तुरुंगात न धाडण्याची तरतूद आहे. समाज मात्र न्यायालयापेक्षा कडक असतो. पारध्यांसारख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी चोरी झाली की आधी त्यांच्याच पालांवर चौकशी होते, आणि ज्याला कोणी कामावरच ठेवत नाही, त्याच्याकडे गमावण्यासारखे काही साठणार तरी कसे?

आपल्या भावाबाबत मी आधी एवढेच पाहीन, की संध्याकाळी सात ते अकरा तो कोठे असतो, कोणासोबत असतो, आणि त्याच्यावर चार पैशांचा विश्वास टाकणारा घराबाहेरचा एखादा माणूस आहे का. नसेल तर असा माणूस शोधून द्या. त्यात वर्ष गेले तरी हरकत नाही. लग्नाची बोलणी त्यानंतरही करायचीच असतील, तर दोन्ही प्रकरणांची कागदपत्रे मुलीकडच्यांना आणि खुद्द मुलीला सुपारी फुटण्याआधी दाखवा.