जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाला गावकऱ्यांचा विरोध अज्ञानातून आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्यात नोकरी करता, मूळचे लातूरचे. सोसायटीच्या ग्रुपवर वीज गेल्यावरून विषय निघाला आणि तो जैतापूरपर्यंत गेला. एकाने लिहिलं, ‘हे कोकणातले लोक रेडिएशनच्या अडाणी भीतीपोटी चांगला प्रकल्प अडवून बसलेत, त्यांना कुणी नीट समजावून सांगत का नाही?’ हे खरं का, असं तुम्ही विचारलंय.

समजावून सांगायला मी स्वतः गेले होते. म्हणून उत्तर देते. लांबेल, चहा घेऊन बसा.

पुण्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवत होते. माझं आजोळ राजापूर तालुक्यातलं, माडबनच्या शेजारचं. प्रकल्पाला नाव जैतापूरचं पडलं, पण जागा माडबनच्या सड्यावरची, म्हणजे समुद्राकाठच्या कातळाच्या पठारावरची. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली या गावांची. जैतापूर गाव वेगळं. तिकडचं कुणी भेटलं आणि तुम्ही ‘तुमचा जैतापूरचा प्रकल्प’ म्हणालात, तर समोरचा आधी ही दुरुस्ती करील आणि मगच पुढे बोलेल.

2011 च्या मे महिन्यात गेले. आदल्या डिसेंबरात फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले असताना करारावर सह्या झाल्या होत्या. त्याआधी आठवडाभर पर्यावरण मंत्रालयाने 35 अटी घालून परवानगी दिली होती. मार्चमध्ये जपानात फुकुशिमाचा अणुअपघात झाला. 18 एप्रिलला साखरी नाटे या मच्छीमारांच्या गावात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार गेला. मी पोचले तेव्हा नाट्याच्या रस्त्यावर पोलिसांच्या गाड्या उभ्याच होत्या. आणि मी मात्र पिशवीत नोट्स घेऊन. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं.

मामेभावाच्या खळ्यात दहा-बारा माणसं जमली. मी सांगायला सुरुवात केली: जमिनीतून, आकाशातून, अन्नातून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतच असतो. नीट चालणाऱ्या अणुवीज केंद्रामुळे बाहेरच्या माणसाला 1 मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त मिळू नये असा नियम आहे, आणि प्रत्यक्षात मिळतो तो त्याहून खूपच कमी. तारापूर 1969 पासून चालू आहे. माडबनचा सडा समुद्रसपाटीपासून पंचवीसेक मीटर उंच, म्हणून जपानसारखी लाट वर येण्याची शक्यता कमी. यातला शब्दन् शब्द आजही मी मागे घेणार नाही.

लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. सरबत दिलं. मग प्रश्न सुरू झाले आणि माझ्या नोट्समध्ये नसलेली गोष्ट पुढे आली.

पहिला प्रश्न एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टरचा. ‘ही जी फ्रान्सची भट्टी इथे बसवणार, ती दुसरीकडे कुठे चालू आहे काय?’

1650 मेगावॉटच्या सहा भट्ट्या, मिळून 9900 मेगावॉट, जगातलं सर्वांत मोठं केंद्र होणार, हे मला पाठ होतं. पण या जातीची, म्हणजे ईपीआर नावाच्या फ्रेंच रचनेची, एकही भट्टी त्या दिवशी जगात कुठेही वीज देत नव्हती. फिनलंडमधल्या ओल्किलुओटोच्या भट्टीचं बांधकाम 2005 साली सुरू झालं होतं आणि ती 2009 ला पुरी व्हायची होती, झालेली नव्हती. खुद्द फ्रान्समधल्या फ्लामनविलची 2007 ला बांधायला घेतली, तीही रखडलेली. मी खरं ते सांगितलं. कंडक्टर म्हणाले, ‘म्हणजे गाडी अजून रस्त्यावर आलेली नाही, आणि तिकिटं आमच्याकडून फाडून घेताय.’

पुढचं तुम्हीच पाहा. चीनमध्ये तायशानला 2018 मध्ये अशी पहिली भट्टी चालू झाली. फिनलंडची नियमित वीज 2023 मध्ये आली. फ्लामनविल ग्रीडला जोडली गेली ती 2024 च्या डिसेंबरात, ठरल्यापेक्षा बारा वर्षं उशिरा आणि अंदाजाच्या कित्येक पट खर्चात. त्या खळ्यात बसलेल्यांपैकी सगळ्यांत अचूक तांत्रिक शंका कुणाची होती? माझी नव्हती.

दुसरी शंका पाण्याची, नाट्याहून आलेल्या एका मच्छीमाराची. भट्ट्या थंड करायला समुद्राचं पाणी आत घ्यायचं आणि गरम झालेलं परत सोडायचं: रोज 5200 कोटी लिटर, तापमान समुद्रापेक्षा साधारण 5 अंशांनी जास्त. पुणेकरांना अंदाज यावा म्हणून सांगते, आपली महापालिका धरणांतून रोज जेवढं पाणी उचलते त्याच्या साधारण तीसपट. त्याचं म्हणणं, ‘मासळीला पाच अंश म्हणजे काय ते तुम्ही पुस्तकात बघा, आम्ही जाळ्यात बघतो.’ शिवाय सुरक्षेच्या नावाखाली किनाऱ्याजवळचा पट्टा होड्यांना बंद होईल ही भीती. यात एक मेख आहे आणि ती पुण्यातून दिसत नाही. मच्छीमाराच्या नावावर सातबारा नसतो. त्याची जमीन जात नाही, म्हणून भूसंपादनाच्या कागदात तो प्रकल्पग्रस्तच नसतो. सगळ्यांत जोरात विरोध साखरी नाट्यातून का झाला, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

तिसरी गोष्ट ‘पडीक’ या शब्दाची. संपादन झालेली जमीन साडेनऊशे हेक्टरांच्या आसपास, 938 हेक्टर, आणि त्यातली बरीच सरकारी भाषेत नापीक. वरून पाहणाऱ्याला सडा नापीकच दिसतो. जांभ्याचा काळा कातळ, त्यावर वाळलेलं गवत. पण त्याच कातळात सुरुंग लावून खड्डे पाडतात, माती वाहून आणून भरतात, हापूसचं कलम लावतात आणि पहिली काही वर्षं घागरीने पाणी घालतात. पावसाळ्यात त्याच गवतावर गुरं. माझ्या मामाने असे खड्डे केलेले मी लहानपणी पाहिलेत. अशा जमिनीला कुणी पडीक म्हटलं, की ती कसणारा पैशाचं बोलणं निघायच्या आधीच ऐकणं बंद करतो.

आणि हो, अडाणी भीतीही होती, ती झाकणार नाही. केंद्र नुसतं सुरू झालं की कलमांना मोहर येणार नाही, असं एक आजी ठामपणे सांगत होत्या. काही पत्रकांत तर हिरोशिमाचे फोटो छापले होते, जणू अणुभट्टी आणि अणुबॉम्ब एकच. आंदोलनाने या गोष्टी खोडून काढायला हव्या होत्या असं माझं स्पष्ट मत आहे. सोप्या भीतीवर माणसं लवकर जमतात, म्हणून त्या तशाच राहू दिल्या. त्याची किंमत अशी, की तुमच्या ग्रुपवरच्या गृहस्थांना आज तेवढंच आठवतं.

भूकंपाचं मात्र अफवांत टाकू नका. त्या वेळच्या सरकारी नकाशात हा भाग क्षेत्र 3 मध्ये होता, म्हणजे मध्यम धोका. पण 1967 चा कोयनेचा भूकंप याच सह्याद्रीतला, आणि 2011 च्या अखेरीस बिलहॅम आणि विनोद गौर या दोन भूकंपशास्त्रज्ञांनी ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं की जैतापूरजवळही 6 पेक्षा जास्त तीव्रतेचा भूकंप होण्याची शक्यता धरली पाहिजे. भट्टी तो धक्का सोसेल असं बांधता येतं. पण प्रश्न विचारणारे अडाणी ठरत नाहीत.

त्या दिवशी शेवटी मामेभाऊ बोलला. तो तारापूरला जाऊन आला होता. 3 आणि 4 क्रमांकाच्या भट्ट्यांसाठी उठवलेल्या पोफरण आणि अक्करपट्टीच्या लोकांशी बोलला होता. मला म्हणाला, ‘ताय, तुझा सगळा खरा असात. पण आमका कोणी इचारल्यान?’

मी म्हटलं, जनसुनावणी झाली ना, मे 2010 मध्ये, माडबनलाच. तो उठून आत गेला आणि कागदांचा एक गठ्ठा घेऊन आला. नीरी या सरकारी संशोधन संस्थेने केलेला पर्यावरण अहवाल शेकडो पानांचा. मराठीतला अहवाल सगळ्या गावांना वेळेवर मिळाला नाही ही त्यांची तक्रार. आणि सुनावणीच्या आधी काही महिने भूसंपादन उरकलेलं, तेही 1894 च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्याने. ‘लग्न लावून झाल्यावर मुलगी पसंत आहे काय विचारतात,’ असं तो म्हणाला. मी नोट्स पिशवीत घातल्या.

याच जिल्ह्यात, गुहागरला, एन्रॉनचा वीजप्रकल्प आला होता आणि 2001 मध्ये बंदही पडला होता, हे तिथल्या पोरासोरांना माहीत आहे. त्यानंतर याच राजापूर तालुक्यात नाणारची रिफायनरी आली, 2019 मध्ये गुंडाळली, मग बारसूला निघाली. दर वेळी पाहुणे नवे आणि वाक्यं तीच.

आता पुण्याचं. ग्रुपवरच्या मंडळींना सांगा, चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की तासा-दीड तासात मुळशीचं धरण दिसतं. पावसाळ्यात आपण भजी खायला जातो तेच. 1921 च्या रामनवमीला तिथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. बापट ‘सेनापती’ झाले ते या लढ्यात. वीज मुंबईच्या गिरण्यांना जायची होती, बुडणार मावळ. आणि ज्यांच्याकडे त्या जमिनी गहाण पडल्या होत्या त्या सावकारांपैकी बरेचसे पुण्याचे. ते मोबदल्यावर राजी होते, कसणारा राजी नव्हता. शंभर वर्षांनी आपण सेनापती बापट रस्त्यावर सिग्नलला उभे राहून जैतापूरवाल्यांना विकासविरोधी म्हणतो. फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हाही आपण हेच म्हटलं होतं, फक्त नाक दाबून.

तुम्ही असंही विचारलंय, ‘पण शेवटी लोकांनी चेक घेतलेच ना?’ घेतले. सुरुवातीला जवळजवळ कुणीच घेत नव्हतं. 2013 मध्ये मोबदला हेक्टरी साडेबावीस लाखांवर नेला आणि मग एकेक जण घेऊ लागला. माझ्या मामेभावानेही घेतला. जमीन कागदावर आधीच गेली होती, मुलीचं इंजिनिअरिंग समोर होतं. याला पाठिंबा म्हणायचं असेल तर म्हणा. मी म्हणत नाही.

आणि अडवलं कुणी? आंदोलनाने गाजवलं, उशीर केला, हे खरं. पण चेक वाटून झाल्यावरही भट्टीचं काम सुरू झालं नाही, ते वेगळ्याच कारणांनी. अपघात झाला तर भरपाई कुणी द्यायची हे ठरवणाऱ्या 2010 च्या अणुदायित्व कायद्यात केंद्र चालवणाऱ्यावर 1500 कोटींची जबाबदारी होती आणि सदोष यंत्रं दिली तर पुरवठादाराकडून वसुली करायची सोय होती. परदेशी कंपन्यांना ती नको होती. वीज किती रुपये युनिट पडणार, यावर वर्षानुवर्षं घोळ. ज्या फ्रेंच कंपनीशी बोलणी झाली ती अरेवा स्वतःच आर्थिक गर्तेत गेली, तिचा भट्ट्यांचा धंदा ईडीएफ या फ्रान्सच्या वीज कंपनीकडे आला, ईडीएफने 2021 मध्ये नवा प्रस्ताव दिला. माडबनच्या गावकऱ्यांचं यात कुठे काही चाललं नाही.

मी स्वतः अणुवीजेच्या विरोधात नाही, हेही सांगून टाकते. कोळशापेक्षा मला ती बरी वाटते. पण मला कुणी विचारलं तर उत्तर देईन आणि कुणी विचारलंच नाही तर गेटवर जाऊन उभी राहीन, इतकं मला त्या खळ्यात कळलं.

मामेभावाची ती मुलगी आता हिंजवडीत नोकरीला आहे, कदाचित तुमच्याच इमारतीत. मागच्या गुरुवारी घरी आली तर नेहमीप्रमाणे दुरुस्तीसाठी वीज बंद होती. मी चिडचिड करत मेणबत्ती शोधत होते. ती म्हणाली, ‘आत्या, पाच वाजता येईल ना? आमच्याकडे पावसात गेली की तीन दिवस येत नाही.’