खारा बांगडा आणि आकडीचे औषध

प्रश्न : आमच्या पाच वर्षांच्या कुत्र्याला आकडी येते. त्यासाठी डॉक्टरांनी आधी फेनोबार्बिटोन आणि पुढे जोडीला पोटॅशियम ब्रोमाइड सुरू केले. उन्हाळाभर तो उत्तम होता. आषाढ लागल्यापासून मात्र दोनदा आकडी आली. औषध एकदाही चुकलेले नाही. त्याचे खाणे घरचेच, म्हणजे मासळी आणि भात. पावसात अर्थातच खारा बांगडा. गोळ्यांचा उपयोग होत नसेल तर त्या बंद कराव्यात का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : गोळ्या कृपा करून आपल्या मनाने बंद करू नका. फेनोबार्बिटोन एकाएकी थांबवल्यास आकड्यांवर आकड्या येऊन कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

माझा संशय खाऱ्या बांगड्यावर आहे. मिठातले क्लोराइड आणि औषधातले ब्रोमाइड यांत मूत्रपिंड फारसा भेद करत नाही, त्यामुळे पोटात मीठ जास्त गेले की क्लोराइडबरोबर ब्रोमाइडही लघवीवाटे भराभर बाहेर पडते आणि गोळी वेळेवर देऊनही रक्तातले औषध कमी होत जाते. किनाऱ्यावर फिरताना समुद्राचे पाणी प्यायले तरी हेच घडते. आपल्याकडे मासेमारी बंद असताना ताटात खारवलेली मासळी येते, आणि भातावर ओतलेले तिचे कालवण कुत्र्याच्याही थाळीत जाते.

तरीही उद्यापासून मीठ एकदम तोडू नका. तसे केल्यास ब्रोमाइड अंगात साचते. कुत्रा सुस्तावतो, मागचे पाय लटपटतात, ओटीची पायरी चढताना तो घसरतो. आधी डॉक्टरांना आहाराची पूर्ण कल्पना द्या, रक्तातील दोन्ही औषधांचे प्रमाण तपासून घ्या आणि त्यांच्या सल्ल्याने बारमाही एकसारखे, अळणी जेवण ठरवा. ब्रोमाइडची पातळी स्थिरावायला दोन-तीन महिने लागतात, तेव्हा आठवड्याभरात फरक दिसला नाही म्हणून धीर सोडू नका. फेनोबार्बिटोनसाठी यकृताची तपासणीही अधूनमधून करावी लागते.

हेच ब्रोमाइड मांजराला कधीही देऊ नये. त्याने तिच्या फुप्फुसांना सूज येऊन दम लागतो.

आकडी आल्यावर कांदा हुंगवणे किंवा तोंडात चमचा घालणे टाळा, कारण त्या क्षणी ओळखीचा हातही चावला जातो. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर त्याला तडक दवाखान्यात न्या. गुदद्वारावाटे देण्याचे डायझेपाम घरी ठेवावे का आणि किती द्यावे, हे डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या.