ट्रकमधून येणारी ड्रग्ज पकडायचं ट्रेनिंग पोलिसांना कसं द्यायला हवं?

माल उचकायच्या आधी गाडी बघायला शिकवा. रत्नागिरीहून वाशीला आंब्याच्या गाड्या लावतो, म्हणून हा प्रश्न बघून गप्प बसवेना.

2023 च्या ऑगस्टमध्ये दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली, ती आली समुद्रातून, पण पुढच्या मे महिन्यात हायवेवर आमची गाडी अडवली आणि भर दुपारी सगळ्या पेट्या डांबरावर उतरवायला लावल्या. नवीन भरतीची पोरं, पेंढ्यात कोपरापर्यंत हात घालून आंबा उलटापालटा करत होती, देठ मोडले, चीक सालीवर ओघळला, आणि चीक लागला की साल काळी पडते, वाशीत दलाल पेटी उघडतो नि सरळ भाव पाडतो. एवढं करून केबिनमागची फळी कुणी वाजवून बघितली नाही, डिझेलची टाकी नाही, स्टेपनी नाही!

मेव्हणा पोलिसात आहे, त्याच्याशी यावरून दर गणपतीत वाद होतो. तो म्हणतो माल खाली केल्याशिवाय कळणार कसं. अरे फीत घे ना, हौदा बाहेरून मोज, आतून मोज, दोन्ही बाजूंच्या फळ्यांच्या जाडीपेक्षा जास्त फरक आला तर मध्ये चोरकप्पा असणार. जुन्या गाडीला एकाच जागी ताजं वेल्डिंग, नवा रंग, चिखलाने माखलेल्या नटांमध्ये एखादाच पान्याने चकाकलेला, हे आमचा क्लीनरसुद्धा दाखवेल. वजनकाट्याची पावती बिल्टीशी, म्हणजे मालाच्या वाहतुकीच्या कागदाशी, जुळवा. आणि भाडं विचारा, हे कुणी विचारतच नाही, स्वस्तातला माल एवढ्या लांब नेऊन डिझेलचे पैसेपण सुटत नसतील तर गाडीत दुसरं काहीतरी आहे. हे वर्गात बसून येत नाही, त्यासाठी बॉडी बांधणारा मिस्त्री आणि जुना ड्रायव्हर बोलवा.

कुत्रं, न्हावा शेवा बंदरात आहेत तसले स्कॅनर, हे हवंच. पक्की टीप असेल तर माल उतरवावा लागणार हेही मान्य. तस्कर पकडला जावा असं आम्हा मालकांनाही वाटतं, 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कलम 60 खाली गाडीच जप्त होते आणि आपल्याला, ड्रायव्हरला माहीत नव्हतं, काळजीही घेतली होती, हे मालकालाच सिद्ध करावं लागतं. पण उतरवायचाच तर सावलीत उतरवा, मालाची माहिती असलेल्या माणसाच्या हातून उतरवा, आणि काही नाही सापडलं तर ज्यांनी उतरवला त्यांनीच परत नीट लावून द्या. मेव्हण्यालाही हेच पाठवतोय.