गोव्यात हरणाच्या शिकारीला नवख्याने सुरुवात कशी करावी?

करूच नका; गोव्यात हरणाची शिकार बेकायदेशीर आहे, बंदुकीचा परवाना असला तरीही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चं कलम 9 वाचा. या कायद्यात फासा लावणं, आमिष ठेवणं, हाकारा घालणं, इतकंच काय, नुसता प्रयत्न करणंही शिकारच ठरतं. मोले, खोतीगावसारख्या अभयारण्यात सापडलात तर कैद किमान 3 वर्षं, कमाल 7. अपवाद मोजकेच: जनावर माणसाच्या जिवावर किंवा (काही जातींबाबत) पिकावर उठलं, तर कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात. हौसेला ती मिळत नाही. माग काढण्याची ओढ असेल तर मात्र खोतीगावच्या मचाणावर पहाटे गप्प बसा. झाडीतून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज आला, तर ते बहुधा भेकर, म्हणजे एक लहान हरीण, असतं.