ग्वाल्हेरला बर्फ पडतो का? डिसेंबरअखेर आई आणि लहान मुलीला घेऊन राहायला जातोय, थंडीची तयारी काय करू?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली झाली आहे, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या एका जुन्या दगडी घरात राहायला जाताय, सोबत सत्तरीतली आई आणि दोन वर्षांची मुलगी आहे. मोबाइलवर ‘ग्वाल्हेरमध्ये बर्फवृष्टी’ असे व्हिडिओ बघून घरात काळजी सुरू झाली आहे.

बर्फ पडत नाही. व्हिडिओंत जमीन पांढरी दिसते ती बहुधा गारांमुळे. गारा उंच गडगडाटी ढगात तयार होतात, खाली थंडी असण्याची त्यांना गरज नसते, म्हणून त्या फेब्रुवारी-मार्चच्या उबदार दुपारीही पडतात. हिम जमिनीपर्यंत टिकायला मात्र खालची हवासुद्धा शून्याच्या आसपास असावी लागते. ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर आहे आणि शिमला साधारण २,२०० मीटरवर. दर किलोमीटरला सुमारे साडेसहा अंश धरले तर नुसत्या उंचीनेच १३ अंशांचा फरक पडतो. दुसरं म्हणजे इथे ओल आणि कडाका एकाच वेळी येत नाहीत. उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ (हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवा) सरकला की ढग येतात, थोडा पाऊस पडतो (त्याला तिकडे मावठा म्हणतात), पण ढग जमिनीची ऊब धरून ठेवतात, त्यामुळे पावसाची रात्र उलट सौम्य जाते. ढग हटून आभाळ स्वच्छ झालं की पारा उतरतो, आणि तेव्हा वर पडायला काही उरलेलं नसतं.

पण बर्फ नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. पुण्याची माणसं इथे हमखास चुकतात ती किमान तापमानाकडे बघून. जानेवारीत ग्वाल्हेरचं किमान ७ अंशांच्या आसपास असतं. पुण्यात १०-११. वाटतं, तीन-चार अंशांनी काय होतंय! फरक दुपारी कळतो. पुण्याचा पारा दुपारी २८-३० पर्यंत चढतो. ग्वाल्हेरचा चांगल्या उन्हाच्या दिवशी २२-२३ पर्यंत, आणि कोहरा (दाट धुकं) बसला तर १२-१४ वर येऊन थांबतो. पहाटे ७, दुपारी १३, रात्री पुन्हा ८. घराला, अंथरुणाला, अंगाला गरम व्हायची संधीच मिळत नाही. असे चार-पाच दिवस सलग आले की भिंतीसुद्धा थंडी सोडू लागतात. या ओल्या, हाडांत शिरणाऱ्या गारठ्याला तिथले लोक ‘गलन’ म्हणतात. मराठी घरांतही हाच शब्द ऐकाल. हवामान खातं अशा दिवसाला ‘शीत दिवस’ म्हणतं: किमान १० किंवा त्याखाली आणि कमाल सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त खाली. शीतलहर वेगळी, ती किमान तापमानावरून ठरते. मैदानी भागात किमान ४ वर किंवा त्याखाली गेलं की शीतलहर, २ वर किंवा त्याखाली तीव्र. वर्तमानपत्रात रोज कमाल किती ते बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तोच आकडा त्रास देतो. आणि तयारी करायची ती ऊन न निघण्याची करा.

दिवसांचा क्रम ओळखता आला तर बरंच सोपं होतं. मावठा पडून गेला, वारा पडला आणि रात्री चांदण्या दिसल्या, की दुसऱ्या दिवशी कोहरा येणार हे जवळपास ठरलेलं. जमीन ओली असते, भोवतालच्या गव्हा-मोहरीच्या शेतांना पाणी दिलेलं असतं, रात्री जमीन निवते आणि तिच्यालगतच्या हवेतली वाफ तिथेच थिजते. हा थर फार तर दोन-तीनशे मीटर जाड, पण सूर्याचा प्रकाश वरूनच परत फिरतो. मग वायव्येचा वारा सुटला की कोहरा फाटतो, ऊन लख्ख पडतं, आणि नेमक्या त्याच रात्री खरी शीतलहर येते. म्हणून पहिल्या लख्ख दिवशी ‘गेली थंडी’ म्हणून रजई आवरू नका. त्या पहाटे गाडीच्या टपावर, गवतावर पांढरा थर दिसू शकतो. हिंदीत त्याला पाला म्हणतात (आपल्या पालापाचोळ्याशी संबंध नाही, आपलं दहिवर म्हणा). पेपरात ३ अंश लिहिलेले असताना दहिवर कसं गोठतं, असा प्रश्न पडतो. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर पेटीत असतो, आणि निरभ्र, निवांत रात्री गवतालगत त्यापेक्षा तीन-चार अंश कमी भरतात. तुळस, मिरची, पपईची रोपं असतील तर संध्याकाळी कुंडीत थोडं पाणी घालून वर जुनी चादर टाका, पानांना टेकणार नाही अशी. प्लास्टिक टेकलं तर तिथलंच पान करपतं.

आता घर. लष्कर भागातली जुनी घरं जाड दगडी भिंतींची, छताला फरशा, मधे चौक, खोल्यांची उंची बारा-चौदा फूट. उन्हाळ्यासाठी हे वरदान आहे आणि कोहऱ्याच्या आठवड्यात हीच अडचण. दगड सावकाश तापतो, सावकाश निवतो, आणि एकदा निवला की लवकर वर येत नाही. त्यामुळे सगळं घर गरम करायच्या भानगडीत पडू नका. सगळ्यात लहान, शक्यतो दक्षिणेकडे खिडकी असलेली खोली आई आणि मुलीसाठी निवडा. पलंग बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब सरकवा, जमिनीवर जाड सतरंजी घाला, दाराखालच्या फटीत कापडाची गुंडाळी ठेवा. खिडकीला जाड पडदा लावाच, पण ऊन असेल तेव्हा दहा ते चार तो उघडा ठेवायचा आणि चारच्या ठोक्याला बंद करायचा. ही शिस्त हीटरइतकीच कामाची आहे.

हीटर घेताना खोलीची उंची बघा. ब्लोअर गरम हवा फेकतो आणि ती सरळ चौदा फुटांवर छताला जाऊन बसते, पाय गारच. बसून वाचणाऱ्या, जप करणाऱ्या आईसाठी समोर ठेवायचा हॅलोजन किंवा रॉडचा हीटर बरा, तो हवेपेक्षा माणसाला तापवतो. रात्रभर बंद खोलीसाठी तेलाचा रेडिएटर, थर्मोस्टॅटवाला. मूल दोन वर्षांचं आहे, त्यामुळे उघडी जाळी असलेला हीटर त्याच्या हाताला लागेल अशा जागी नको. वीज मात्र आधी तपासा. २,००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर ओढतो. जुन्या घरांतले प्लग बहुतेक ५-६ अँपिअरचे असतात. त्यात किंवा स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डात तो लावला की तासाभरात पिन तापते, प्लास्टिक मऊ होतं, वास येतो, आणि मग आग. १६ अँपिअरचा सॉकेट, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि चालू स्थितीतलं अर्थिंग, ही मागणी घरमालकाकडे किल्ली घेण्यापूर्वीच करा. पूर्ण ताकदीवर तासाला दोन युनिट जळतात हेही हिशेबात धरा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नको. तिकडे अंगीठी अजून मिळते, स्वस्त आहे, आणि कोणीतरी प्रेमाने आणूनही देईल. तिचा धोका धुराचा नाही. धूर संपून निखारे लाल झाले की लोकांना वाटतं आता सुरक्षित, आणि ती आत आणतात. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. दरवर्षी उत्तर भारतात याने घरंच्या घरं झोपेत जातात. शेगडी हवीच तर चौकात, उघड्यावर, आणि उठताना पाणी घालून विझवायची. गॅसच्या गीझरलाही हाच नियम. तो न्हाणीघराच्या आत बसवलेला असेल तर वापरू नका, बाहेर काढून घ्या. आंघोळीला गेलेल्या माणसाचं डोकं दुखू लागलं किंवा हाकेला ओ येईना, तर दार उघडून आधी मोकळ्या हवेत आणायचं, गॅस बंद करायचा आणि थेट दवाखाना गाठायचा.

पाण्याची एक युक्ती आहे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्रभर थंडीत राहतं, सकाळी नळाखाली बोटं बधिर होतात. बोअरचं पाणी मात्र जमिनीखालून येतं आणि वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास, म्हणजे सुमारे २५ अंशांना असतं. घराला बोअर असेल तर मोटर रात्री न चालवता सकाळी कामाच्या वेळी चालवा. भांडी, धुणं कोमट पाण्यात होतं, तापवायचं पाणीही लवकर तापतं. गीझर नसेल आणि रॉडवर भागवायचं असेल तर १,५०० वॅटचा रॉड १५ लिटर टाकीचं गार पाणी २० ते २५ मिनिटांत आंघोळीजोगं करतो, अर्धा युनिट लागतो. बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही, धातूची बादली वापरायची नाही, आणि मुलगी घरात असताना रॉड लावलेल्या खोलीचं दार बाहेरून बंद हवं. आईची आणि मुलीची आंघोळ अकरा ते दोनच्या दरम्यान. पहाटेच्या स्नानाचा नेम असेल तर कोहऱ्यापुरता सोडायला सांगा. गार हवेत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. फिरायला जाणंही ऊन आल्यावरच. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना हिवाळ्यात एकदा दाखवून घ्या.

रजई तिथेच घ्या, पुण्याहून ब्लँकेटं नेऊ नका. कापसाची रजई हिवाळ्यात बाजारात भरून मिळते; एका माणसाला दोन ते अडीच किलो कापूस पुरतो. जास्त भरली तर आईला कुशीवर वळताना पेलणार नाही. टाके हाताचे आणि जवळ-जवळ आहेत ना ते बघा, नाहीतर महिन्याभरात कापूस पायाकडे गोळा होतो. दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यावी लागते. कोहऱ्यात रजई ओल पकडते आणि अंगावर घेताना गार, चिकट लागते. ऊन निघेल त्या दिवशी तीन तास गच्चीवर टाकायची आणि ऊन असतानाच आत आणायची. ऊन नसेल तर झोपण्याआधी गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून आत ठेवा आणि आई झोपताना काढून घ्या.

कपड्यांत एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे: आत सुती, मग इनर किंवा लोकर, वर वारा अडवणारं काहीतरी. कान आणि पाय आधी झाका. मुलीला तुमच्यापेक्षा एक थर जास्त पुरे. मानेमागे हात लावून बघा, घाम असेल तर एक थर काढा, कारण घामाने ओला झालेला कपडाच थंडी लावतो. हातापायांची बोटं लाल होऊन सुजतील, खाजतील. शेकोटीवर धरून शेकू नका, कोरडी ठेवून मोजे-हातमोजे घाला, हळूहळू ऊब येऊ द्या. आईचं कुडकुडणं थांबलं पण अंग गार आहे आणि बोलणं अडखळतंय, असं दिसलं तर ते बरं वाटल्याचं लक्षण नव्हे. उशीर न करता दवाखाना.

स्वयंपाकघरात पहिला धक्का दह्याचा बसतो. विरजण दीडपट घ्या, दूध बोट टेकवता येईल इतकं गरम ठेवा, भांडं लोकरीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवा. तरी दहा-बारा तास लागतातच. इडलीचं पीठ एका रात्रीत येत नाही, अठरा ते वीस तास धरा. धुतलेले कपडे कोहऱ्यात दोन-दोन दिवस ओले राहतात, म्हणून यंत्रात दोनदा पिळून एका रिकाम्या खोलीत पंख्याखाली वाळवा, झोपायच्या खोलीत नको. बाकी खाण्याची चैन आहे: लाल गाजरं, गोड मटार, आणि मुरैना-ग्वाल्हेरची गजक. पुण्याची चिक्की तिच्यापुढे दगड वाटेल.

प्रवासाचं शेवटी, पण तिकीट काढण्याआधी वाचा. पुण्याहून झेलम किंवा गोवा एक्सप्रेसने निघालात तर कोहऱ्याचा टप्पा वाटेत शेवटी येतो, म्हणून जाताना उशीर कमी लागतो. मात्र गाडीचा डबासंच उत्तरेकडून उशिरा आला तर निघतानाच उशीर होतो, तेव्हा आदल्या दिवशी उलट दिशेची गाडी कुठे आहे ते बघा. चढायच्या स्थानकावर गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि जायचं रद्द केलंत, तर गाडी सुटण्याआधी टीडीआर (पैसे परत मागायचा रेल्वेचा अर्ज) भरून पूर्ण पैसे परत मिळतात. विमान असेल तर दुपारचं घ्या. स्थानकावरून घरी रिक्षा नको, बंद गाडी ठरवा. आणि जमलं तर तुम्ही आठवडाभर आधी एकटे जा. सॉकेट, पडदे, रजया, गीझर एवढं लावून झालं की मग आईला आणि मुलीला दुपारी पोहोचणाऱ्या गाडीने बोलवा.